न फोडलेला नारळ

विशाखा, आज येळगावच्या तळ्यावर जाऊन आले. तुझ्याशिवाय. घरी येऊन हातपाय धुतले, चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला, पुन्हा टाकला आणि आता तो कपात थंड होतोय. बसवतच नाही गं. तू जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. यांनी दोनदा विचारलं, काय शोधून राह्यली? मी म्हटलं, चष्मा. चष्मा डोळ्यांवरच होता.

सांगायचं पुष्कळ आहे आणि ओळीनं सांगायचं आहे. मधे बोलू नकोस. उंद्रीच्या शाळेत पोरांना 'एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं' असं शिकवणारी तू, बसमध्ये मला एक वाक्य धड पुरं करू द्यायची नाहीस. आज मी बोलणार.

तुझ्या जलदान विधीपासून सुरुवात करते, कारण घोळ तिथं झाला आणि तो मीच घातला.

अंगणात मांडव होता. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, पंचशील झालं. मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. तुझी लेक प्रज्ञा खांबाला टेकून बसली होती, पांढऱ्या साडीत, तुझ्यासारखीच ताठ. तुझे गौतमदादा पिंपळगाव राजाहून आले होते. ते म्हणाले, "कुंदाबाई, तुम्ही बोला दोन शब्द. तुमच्याइतकं तिले कोणी ओळखत नाही."

मी उठले. समोर आमचे हे बसलेले, गल्लीतल्या दोन बाया बसलेल्या, आमच्या सासूच्या, आत्याबाईंच्या, भजनातली एक म्हातारीसुद्धा होती. तोंडातून वाक्य निघालं ते असं: "विशाखा आणि मी दर रविवारी सोबत जात होतो. देवीला."

बाई गं. इतकी वर्षं जिभेला जे वळण लावलं, ती त्याच वळणानं गेली. प्रज्ञानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. गौतमदादा हातातल्या फुलांकडं पाहत राहिले. मी पुढं काय बोलले ते आता आठवत नाही. चांगलं बोलले म्हणे.

निघताना गौतमदादा गेटपर्यंत आले. यांच्या देखत, अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, आमची विशाखा देवीले जाये काय?"

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तुमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले होते, ही गोष्ट तूच मला सांगितली होतीस, तीही चालता चालता. त्या बापाचा मुलगा विचारत होता. शेजारी हे उभे, ज्यांना इतकी वर्षं मी देवीला जाते असंच सांगत आले. मी म्हटलं, "दादा, बोलू नंतर," आणि रिक्षात बसले.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. तू जन्मात कोणापुढं वाकली नाहीस. मुख्याध्यापकापुढं नाही, शिक्षणाधिकाऱ्यापुढं नाही, सत्यनारायणाला बोलावणाऱ्या स्टाफपुढं नाही. आणि तुझ्या सख्ख्या भावाच्या मनात मी तुला चोरून देवीला जाणारी बाई करून ठेवलं. तेही तू उठून 'कुंदे, काय बोलून राह्यली वं' असं म्हणू शकत नसताना.

पण नारळ काही मी हौसेनं आणला नव्हता, हे तुला माहीत आहे. आठवते ना पहिली खेप?

तू चिखलीच्या स्टँडवर फळ्यासमोर उभी राहून गाड्यांची नावं वाचत होतीस, आणि मला म्हणालीस, "कुंदे, पाह्य, या जिल्ह्यात तळे कितीक हायेत अन् आपण उंद्री-चिखली, चिखली-उंद्री करून राह्यलो." तुझा कायदा तिथंच ठरला. जिथं एसटी जात नाही ते तळं आपलं नाही. गाडी करायची नाही, कोणाच्या पोराच्या मोटरसायकलवर बसायचं नाही, कोणाचे उपकार नाहीत. लाल गाडीत बसायचं, पाण्याजवळच्या फाट्यावर उतरायचं, काठाकाठानं चालायचं आणि परतीच्या गाडीला हात दाखवायचा.

म्हणून आपण बुलढाण्याच्या गाडीत बसलो आणि येळगावच्या धरणापाशी उतरायचं म्हटलं. कंडक्टरनं विचारलं, "कोणाच्या घरी?" तू सरळ सांगितलंस, "कोणाच्याच नाही. तळ्यावर." त्यानं तुझ्या तोंडाकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि बेल काही मारेना. म्हणाला, "बाई, घरी काही भांडण झालं काय?" मागची एक म्हातारी पुढं आली आणि माझा हात धरून सांगू लागली, लेकराबाळाकडं पाहा, दिवस बदलतात. दोन चांगल्या घरच्या बाया, हातात ना पिशवी ना डबा, भरदुपारी पाण्यावर चालल्या म्हणजे दुसरं काय असणार? मोठ्या मिनतवारीनं उतरलो. तर एक शेतकरी काका सायकल ढकलत धरणाच्या पूर्ण भिंतभर आपल्या मागं. आपण थांबलो की ते थांबत. शेवटी तू वळून म्हणालीस, "काका, आम्ही उडी मारत नाही. आमाले पोहता येते." ते म्हणाले, "बाई, पोहता येणारेही जातात," आणि आपल्याला परतीच्या गाडीत बसवूनच घरी गेले. तुला पोहता येत नव्हतं. तू जन्मात बोललेलं खोटं मला तेवढं एकच ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी मी स्टँडवरून नारळ घेतला. पिशवीच्या तोंडाशी, शेंडी दिसेल असा ठेवला. आणि काय सांगू, जादूच झाली. कंडक्टर म्हणाला, "देवीले काय? बसा माय." बायांनी सरकून जागा दिली. कोणती देवी, कुठली देवी, कोणी विचारलं नाही. धरण तिथं एखादं देऊळ असतंच. आत्याबाईंनीही घरातून हसतमुखानं जाऊ दिलं, परत आल्यावर प्रसादाला हात पुढं केला, आणि मी स्टँडवरच्या गाड्यावरून घेतलेल्या रेवड्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या डोळ्यांना लावून खाल्ल्या.

तू चिडलीस. तुझं म्हणणं मला अजून ऐकू येतं. "माणसं चौकात पानठेल्यावर दिवसभर उभे राह्यतात, त्याईले कोणी विचारते काय, कोण्या देवाले उभे हाय म्हणून? आपल्याले दोन पावलं चालाले देवी काऊन लागते?" मी म्हणायची, तुला काय जाते, नारळ तर माझ्या पिशवीत आहे. तू म्हणायचीस, "पिशवी तुही, पण सीट एक हाय न. माह्यावरही सावली पडतेच त्याची."

भांडण तिथंच राहायचं आणि आपण चालायला लागायचो. पेनटाकळीच्या काठानं चाललो तेव्हा तुझी चप्पल गाळात रुतली आणि तू ती काढायला वाकलीस तर दुसरीही रुतली. जळगाव जामोदला गेलो, सातपुड्याच्या पायथ्याचं ते तळं पाहायला. तिथं बकऱ्या चारणाऱ्यानं विचारलं, सर्वेवाल्या हाय काय? तू म्हणालीस, आम्ही मास्तरणी. मग त्यानं त्याच्या पोराच्या शाळेची सगळी गाऱ्हाणी आपल्याला सांगितली, आणि तू एका दगडावर बसून ती नीट ऐकून घेतलीस, पाणी तसंच राहिलं पाहायचं. मी रागावले होते. तळ्यावर येऊनही शाळाच.

आणि लोणार. मेहकरहून गाडीत बसून उतरलो, वरच्या पाण्याच्या धारेपासून खाली गेलो, त्या दाट झाडीतून. तो खारट, उग्र वास. मोर ओरडत होते, वानरं फांद्यांवरून आपल्या डब्यावर टपलेली. काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापाशी आल्यावर मी म्हटलं, इथवर आलोच आहोत तर जाऊन येते. तू म्हणालीस, जाय, मी चपला राखते. मी आत गेले, हात जोडले, ओटी भरली. बाहेर येऊन पाहते तर तू दगडावर बसून पाण्याकडं पाहत होतीस, माझ्या चपला मांडीवर घेऊन, वानरं नेतील म्हणून. मी विचारलं, नारळही फोडून येऊ का? तू हसलीस. "फोडला तं जाताना काय दाखवशील गाडीत?" म्हणून तो तसाच राहिला. मग म्हणालीस, "झालं तुह्या देवीचं? आता माह्या तळ्याचं होऊ दे." आणि पार शेवटच्या गाडीची वेळ होईस्तोवर तू मला काठानं फिरवलंस.

हे मी गौतमदादांना तिथंच, गेटपाशी सांगायला हवं होतं. माझ्या चपला मांडीवर घेऊन बाहेर बसलेली ती, हीच तुमची बहीण.

तोच नारळ मग प्रत्येक खेपेला आला. पार सुकला. पिशवी हलली की आत गोटा खडखड वाजायचा. तू म्हणायचीस, हा आपल्यापेक्षा जास्त तळे फिरला, याले आता पेन्शन द्या. आणि शेवटच्या रविवारी, येळगावच्याच भिंतीवर, उतरत्या उन्हात तू थांबलीस. या खेपेला हसत नव्हतीस. म्हणालीस, "कुंदे, पुढच्या टायमाले याले घरी ठेव. कोणी विचारलं तं सांगू, फिराले चाललो. एकदा तरी सांगू." मी म्हटलं, पाहू. माझं पाहू म्हणजे नाही, हे तुला पुरतं माहीत होतं. तू पुढं चालायला लागलीस. त्याच आठवड्यात दुपारी जरा पडते म्हणालीस, आणि उठलीच नाहीस.

असं कोणी जाते काय, विशाखा? भांडण अर्धं टाकून?

तर परवा मी गौतमदादांना फोन केला. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं ते सांगायचं आहे, पण फोनवर नाही. रविवारी चिखलीच्या स्टँडवर या. ते काही न विचारता हो म्हणाले. घरातून निघताना आत्याबाईंनी विचारलं, एकलीच देवीले? मी हो म्हटलं. बघ, आजही सकाळी तेच. नारळही पिशवीत घातला. काऊन घातला ते मला सांगता येणार नाही. हात गेला.

गौतमदादा दोन गाड्या बदलून आले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांची नजर आधी पिशवीवर गेली. शेंडी दिसत होती. मग ते गाडीत माझ्या पुढच्या सीटवर बसले.

स्टँड सोडून गाडी पुढं गेली तशी मेथीवाली चढली. तीच आपली, टोपल्यांची, जी दर रविवारी तुला पानं खुडायला लावायची. तिनं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, तिला हळू बोलता येतच नाही, "बाई, तुमची जोडीदारीण कुठी? आज एकल्याच देवीले?"

गौतमदादांचं डोकं वळलं नाही, पण मान ताठ झाली. अगदी तुझी मान.

लाज कशाची वाटत होती, सांग. चोरी नाही, चहाडी नाही. तरी वाटत होती. मी म्हटलं, "ती गेली हो. महिना होत आला." तिनं टोपली खाली ठेवली. मग मी म्हटलं, आणि आवाज जरा मोठाच निघाला, अर्ध्या गाडीनं ऐकला असेल, "आणि आम्ही देवीले जात नव्हतो. ती तर कधीच गेली नाही. तिचा देवावर विश्वास नव्हता. आम्ही तळ्यावर जात होतो, फिराले. नुसतं फिराले."

"मंग हा नारळ?"

"लोकं समजत, जीव द्याले चालल्या. म्हणून मी घेतला. मी. तिले तो कधीच पटला नाही."

मेथीवालीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणते कशी, "मले वाटलंच होतं बाप्पा. देवीले जाणाऱ्या बाया इतक्या हासत नाहीत."

तुझ्या दादांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मी वाकून पाहिलं तर हसत होते. मग खरंच रडायला लागले. मी म्हटलं, हे तिचे भाऊ. मेथीवालीनं त्यांच्या हातात मेथीची एक जुडी दिली आणि म्हणाली, "पानं खुडा दादा. तुमची बहीण बसल्या बसल्या पूर्ण जुडी करून देत होती." ते येळगाव येईपर्यंत खुडत बसले.

भिंतीवर आम्ही हळूहळू चाललो. पाणी भरपूर आहे यंदा. बगळे त्या कडेच्या उथळ भागात, तुझ्या जागेपाशी. गौतमदादा सारखं विचारत होते. ती इथं थांबे काय? काय बोले? माहं कधी बोले काय? मी सांगितलं, तुमच्याबद्दल बोलायची, वडिलांच्या टोपल्यातले देव तुम्ही डोक्यावर वाहून नेले आणि नदीपर्यंत रडत गेले, हे ती सांगायची. ते थांबले. म्हणाले, "हे सांगितलं तिनं? मी तिले शपथ घातली होती, कोणाले सांगू नको म्हणून." मग पाण्याकडं पाहत म्हणाले, "लहान होतो. त्याच्यातला एक घोड्यावर बसेल होता, तो मले खेळाले पाहिजे होता."

आम्ही बसलो. मी नारळ काढला आणि म्हटलं, दादा, हा आता फोडू या, खायला. त्यांनीच दगडावर आपटला. गोटा निघाला, पिवळा, आणि असा खवट की पहिला तुकडा तोंडात घालताच आम्ही दोघंही थू थू करत उठलो. ते म्हणाले, "बाई, कधीचा हाय हा?" मी म्हटलं, किती तळे फिरला, हिशोब नाही. मी तो फेकायला गेले तर त्यांनी हात धरला. "पाण्यात नको. तिले चालत नव्हतं न?" चालत नव्हतं. निर्माल्य टाकणाऱ्यांशी तू काय भांडायचीस. करवंट्या त्यांनी रुमालात बांधून घेतल्या. प्रज्ञाले दाखवतो म्हणाले, आणि तिले सगळं नीट सांगतो.

परतीच्या गाडीत पिशवी हलकी लागत होती. नुसत्या रेवड्या होत्या आत, सवयीनं घेतलेल्या.

घरी आले तर आत्याबाई ओसरीवर. आता त्यांना दिसत कमी, पण पिशवीचा आवाज बरोबर कळतो. हात पुढं केला. हे आत पेपर वाचत होते. दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू जाणार होतं. जाऊ दे म्हटलं. मी रेवड्या हातावर ठेवल्या आणि सांगितलं, "आत्याबाई, हा प्रसाद नाही. स्टँडवरच्या रेवड्या आहेत. मी देवीले गेले नाही. तळ्यावर फिराले गेले होते. पहिल्यापासून तिथंच जातो आम्ही."

आत पेपराची घडी मोडल्याचा आवाज आला. आत्याबाईंनी एक रेवडी तोंडात टाकली. दात नाहीत, त्यामुळं वेळ लागला. मग म्हणाल्या, "मले काय सांगतं. मी त्या गाड्यावरच्या रेवड्या ओळखत नाही काय? माहं लगन झालं तईपासून खाऊन राह्यली." आणि जरा थांबून, "तुही मैतरीण बरी होती. मले कधी नेलं नाही तुम्ही."

त्यांना सगळं माहीत होतं, विशाखा. मेथीवालीलाही. बहुतेक त्या कंडक्टरलाही. नारळ फक्त मला लागत होता.

मी त्यांना विचारलं, पुढच्या रविवारी येता काय? त्या म्हणाल्या, "गाडीत चढवशील तं येतो. पण लोकं इचारतीन, म्हातारीले कुठी घेऊन चालली म्हणून. काय सांगशील?"

मी म्हटलं, फिराले.

मोठ्यानं म्हटलं. आतल्या खोलीपर्यंत गेलं. काही झालं नाही गं. कोणी काही म्हणालं नाही. एवढंच तू मागत होतीस, एकदा, आणि मी पाहू म्हटलं. आता जिंकलीस ना? मग ये, आणि एकदा तोंडावर हस माझ्या.